औषधं बदलत गेली, माती तीच राहिली : परसातल्या कोंबडीच्या जंतांचा इतिहास

आजचा विषय आहे कोंबडीच्या पोटातले जंत. औषध कोणतं आणि किती, एवढंच सांगायचं तर हा विषय पाच मिनिटांत संपेल. पण औषध देऊनही जंत पुन्हा पुन्हा का होतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते शोधायला थोडं मागे जावं लागतं. म्हणून आज जरा इतिहासात डोकावू.

आधी हे सांगते की या विषयाला एवढा वेळ का द्यायचा. म्हैस विकायची झाली तर घरात चार जणांची बोलणी होतात. कोंबडी विकायला बाईला कुणाला विचारावं लागत नाही. मुलाची वही, सासूबाईंच्या गोळ्या, माहेरी जायचं तिकीट, अचानक आलेला पाहुणा, हे सगळं त्या चार कोंबड्यांवर निभावतं. आपल्या देशात २०१९ साली विसावी पशुगणना झाली. तिच्यात परसातल्या कोंबड्या आणि इतर पक्षी मिळून ३१ कोटी ७० लाख भरले, म्हणजे २०१२ च्या मानाने ४५ टक्क्यांहून अधिक वाढ. एवढं धन बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातात आहे.

आणि जंत हे धन चोरून खातात. मानमोडी आली की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं, सगळ्या गावाला कळतं. जंतांचा बोभाटा होत नाही. पिल्लू दाणे टिपतं, पण अंगाला लागत नाही. छातीचं हाड हाताला टोचतं, तुरा फिका पडतो, पंख लोंबतात, शीट पातळ होते. दिवसाआड अंडं देणारी कोंबडी आठवड्याला एकावर येते. आपण म्हणतो, जातच खराब निघाली. गटातून पिल्लं घेतलेली असतील तर हप्ता मात्र चुकत नाही.

सोपाऱ्याचा दगड आणि न लिहिलेला ग्रंथ

सुरुवात आपल्याच सोपाऱ्यापासून करू. नालासोपारा म्हटलं की आज लोकलची गर्दी आठवते. पण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी शूर्पारक हे नावाजलेलं बंदर होतं, आणि सम्राट अशोकाने इथे आपले लेख दगडावर कोरून घेतले होते. त्यातल्या आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच भुईगावात सापडला. याच लेखमालेतला दुसरा लेख गुजरातमध्ये गिरनारला आजही वाचायला मिळतो. त्यात अशोक सांगतो की माणसांच्या उपचारांची आणि जनावरांच्या उपचारांची, अशी दोन्ही सोय केली आहे, आणि जिथे औषधी झाडंझुडपं नव्हती तिथे ती आणून लावली आहेत. जनावराला औषध देणं हे राज्याचं काम आहे, हा विचार इतका जुना आहे.

पुढे जनावरांच्या वैद्यकाचे ग्रंथही झाले. घोड्यांसाठी शालिहोत्राच्या नावाचा, हत्तींसाठी पालकाप्याच्या नावाचा. घोडा आणि हत्ती राजाचे, त्यांच्यावर लढाई जिंकायची. परसातल्या कोंबडीवर कोण लढाई जिंकणार? तिच्या नावाचा तसा नावाजलेला ग्रंथ झाला नाही. तिचं वैद्यक आजीकडून नातीकडे तोंडीच येत राहिलं. जे तोंडी येतं त्यात शहाणपण असतं, तसा अंदाजही बराच असतो.

माणसाच्या जंतांबद्दल मात्र चरकसंहितेत फार मोलाचं सांगितलं आहे. विमानस्थान नावाच्या भागात जंतांवरचे तीन उपाय दिले आहेत. पहिला, जंत बाहेर काढणं. दुसरा, जंतांना मानवणारी परिस्थिती मोडून काढणं. तिसरा, ज्यामुळे जंत झाले ते कारण टाळणं. ताईंनो, हे तीन उपाय लक्षात ठेवा. पुढची दोन हजार वर्षं जगभरच्या लोकांनी भर दिला तो बहुतेक पहिल्यावरच.

वाडीतली औषधं

जंत काढायला आपल्याकडे काय होतं? पळसाच्या बिया, वावडिंग, कपिला किंवा शेंद्री म्हणतात त्या झाडाच्या फळावरची लाल पूड, आणि सुपारी. आयुर्वेदात या गोष्टी जंतांवर सांगितल्या आहेत. सुपारी तर आपल्या वसईच्या वाड्यांचीच. नारळ, केळी, पानवेल आणि सुपारी यांनीच इथली वाडी सजायची.

हे सगळं थोतांड होतं का? नव्हतं. सुपारीतून १८८८ साली जर्मनीत अरेकोलिन नावाचा घटक वेगळा काढला गेला. तो पट्टकृमींना लुळं करतो आणि आतड्याला जोरात हलवतो, म्हणून जंत बाहेर पडतात. इंग्रज पशुवैद्य कुत्र्यांना सुपारीची पूड देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोंबड्यांच्या पट्टकृमींवर कपिल्याची पूड वापरली गेली. पण तिने कोंबड्या आजारी पडत आणि अंडी कमी देत, असं दिसून आलं.

इथेच अंदाजाचा धोका आहे. जंताला मारणारी वस्तू कोंबडीलाही मारू शकते, फरक फक्त प्रमाणाचा. गावठी कोंबडी भरते दीड किलो. एका सुपारीत अरेकोलिन किती, हे त्या सुपारीवर अवलंबून. चिमूट कुणाची मोठी, कुणाची लहान. १९२० च्या दशकात अमेरिकेत कोंबडीच्या खाद्यात तंबाखूची भुकटी मिसळण्याची पद्धत आली होती. तंबाखूतलं निकोटीन हेही विषच. म्हणून आज कुणी तंबाखूचं पाणी किंवा सुपारीची पूड कोंबडीला पाजायला सांगितली तर नको म्हणा. जुन्या औषधांचा मान ठेवायचा, पण मोजमाप नसलेलं औषध घशात घालायचं नाही.

जंत येतात कुठून?

फार पूर्वी युरोपातले विद्वानही समजत की जंत पोटात आपोआप तयार होतात. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी यांनी १६८४ साली, प्राण्यांच्या अंगात राहणाऱ्या प्राण्यांवर एक पुस्तक लिहिलं. निरनिराळे जीव उघडून त्यांनी जंत तपासले आणि त्यांची नोंद केली. १७८८ मध्ये श्रांक नावाच्या जर्मन अभ्यासकाने कोंबडीच्या मोठ्या गोल जंताला शास्त्रीय नाव दिलं. आज त्याला अ‍ॅस्कॅरिडिया गॅली म्हणतात. पांढरट, बोटभर लांबीचा, शिजलेल्या शेवईसारखा दिसणारा हाच तो जंत.

आपल्याकडे मुंबईत परळला १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय सुरू झालं. १८८६ मध्ये तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. वसईहून रेल्वेने गाठता येईल एवढ्या अंतरावर. पण त्या काळी सरकारला काळजी होती ती पलटणीतल्या घोड्यांची आणि नांगराच्या बैलांची. कोंबडीकडे लक्ष गेलं ते बरंच उशिरा. १९२७ च्या सुमारास उत्तराखंडातल्या राणीखेतला कोंबड्या पटापट मेल्या, त्या रोगाला राणीखेत हेच नाव पडलं. तीच आपली मानमोडी. १९३५ मध्ये जी. डी. भालेराव या शास्त्रज्ञांचा, भारतातल्या पाळीव जनावरांच्या जंतांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि १९३९ मध्ये बरेलीजवळ इज्जतनगरला कोंबड्यांच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग उघडला. शालिहोत्राच्या घोड्यानंतर कोंबडीची पाळी यायला एवढी वर्षं लागली.

या सगळ्या अभ्यासातून गोल जंताचं जीवनचक्र स्पष्ट झालं. आपल्याला कामाचं आहे ते हेच.

मादी जंत कोंबडीच्या आतड्यात रोज हजारो अंडी घालते. ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. शिटेबरोबर ती जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की साधारण दहा दिवस ते तीन आठवड्यांत अंड्याच्या आत अळी तयार होते. ही अंडी अंगणातल्या ओल्या, सावलीच्या मातीत कितीतरी महिने टिकतात. कोंबडी माती उकरते, दाणा टिपते, त्याबरोबर अंडं पोटात जातं. पाच ते आठ आठवड्यांत त्याचा मोठा जंत होतो आणि तो पुन्हा अंडी घालू लागतो.

पट्टकृमीची वाट थोडी निराळी. त्याचं अंडं आधी मुंगी, शेणकिडा, माशी किंवा गोगलगाय खाते आणि कोंबडी त्या किड्याला टिपते. म्हणून पावसाळ्यात आणि उकिरड्यापाशी त्याचा जोर जास्त.

अमेरिकेत कॅन्सस इथल्या शेतकी महाविद्यालयात अ‍ॅकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या कोंबड्यांच्या खाण्यात अ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या पोटात जंत जास्त झाले. म्हणजे हिरवा पाला खाणारी कोंबडी जंतांशी अधिक नेटाने झगडते. वसईच्या भाजीवाल्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. बाजारात न खपलेली पालक-माठाची जुडी आणि शेवग्याचा पाला हे कोंबडीचं टॉनिक आहे.

बाटलीतल्या औषधांचं युग

खात्रीची औषधं आली ती गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत. १९३८ च्या सुमारास फिनोथायझिन आलं. १९५० च्या दशकात पायपरेझिन आलं. हे औषध पूर्वी सांधेदुखीसाठी वापरलं जाई, नंतर कळलं की ते गोल जंताला लुळं करतं आणि जंत शिटेवाटे जिवंतच बाहेर पडतो. पाण्यातून देता येतं, स्वस्त आहे, म्हणून ते घरोघरी पोचलं. मात्र पट्टकृमीवर ते चालत नाही. कोंबडीला पट्टकृमी असतील आणि आपण पायपरेझिन देत राहिलो, तर पैसे जातात आणि जंत तिथेच राहतात.

१९६१ मध्ये थायबेंडाझोल बाजारात आलं आणि पुढच्या दशकात त्याच कुळातली फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल ही औषधं. अल्बेंडाझोल तुम्हाला ओळखीचं असेल. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना देतात ती गोळी हीच.

आता या गोष्टीतली दुखरी जागा ऐका. थायबेंडाझोल आलं १९६१ मध्ये, आणि १९६४ मध्येच मेंढ्यांमधले काही जंत त्याला दाद देईनासे झाले. तीन वर्षांत! असं का झालं? औषध अपुरं दिलं किंवा तेच औषध सारखं दिलं की दुबळे जंत मरतात, चिवट जंत उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्यांचीच होते. अंदाजाने अर्धी गोळी दहा कोंबड्यांत वाटली की आपणही परसात असेच चिवट जंत वाढवत असतो.

वाडी आटली, जंत वाढले

दरम्यान मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये काय झालं बघा. कोंबड्या जाळीच्या पिंजऱ्यात गेल्या. शीट जाळीतून खाली पडू लागली, कोंबडीची चोच तिथे पोचेना, आणि जंतांचा प्रश्न तिथे जवळजवळ मिटला. पुढे युरोपात लोक म्हणाले, एवढ्याशा पिंजऱ्यात कोंबडी कोंडणं क्रूरपणाचं आहे. २०१२ पासून तिथे जुन्या पद्धतीच्या अरुंद पिंजऱ्यांवर बंदी आली. कोंबड्या जमिनीवर उतरल्या आणि त्यांच्याबरोबर गोल जंतही परतले. तिथे औषधं आपल्यापेक्षा महाग आणि डॉक्टर दारात, तरीही. कोंबडी आणि तिची शीट एका जागी आली की जंत होणारच.

आता आपल्या वसईकडे या. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. पूर्वी कोंबडी सकाळी डालाखालून सुटली की आपल्या वाडीत, शेजारच्या वाडीत, बांधावर, पार खळ्यापर्यंत फिरून सांजेला घरी येई. तिची शीट चार-पाच गुंठ्यांत विखुरली जाई, त्यातली बरीचशी उन्हात वाळून जाई. आता शेजारी इमारत, पलीकडे कुंपण, रस्त्यावर गाड्या आणि कुत्री. तीच कोंबडी घरामागच्या दहा बाय दहाच्या जाळीत दिवसभर असते. तिथे ऊन पोचत नाही, मोरीचं पाणी झिरपतं, आणि आपला पाऊस चार महिने माती सुकू देत नाही. पूर्वेकडे पारोळ, उसगाव, भाताण्याकडच्या पाड्यांवर अजून मोकळी जागा आहे, पण तिथेही शेत राखायला कोंबड्या कोंडाव्या लागतात.

कोंबडी बदलली नाही, जंतही तेच आहेत. तिच्या वाट्याची जमीन मात्र आटली. आजीला जे औषधाशिवाय जमलं त्यातलं निम्मं काम मोकळी वाडी आणि ऊन करत होतं. म्हणून बाटली रिकामी झाली तरी जंत संपत नाहीत. आज औषधाने पोट साफ होतं, उद्या कोंबडी त्याच मातीतून अंडी टिपते, आणि दोन महिन्यांत पुन्हा तिथेच.

मग करायचं काय?

चरकाचे तीन उपाय घ्या आणि परसात लावा.

पहिला, जंत काढणं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ताजी शीट स्वच्छ डबीत न्या. तपासणीत कळतं की गोल जंत आहेत की पट्टकृमी, आणि औषध त्याप्रमाणे ठरतं. दोन-तीन कोंबड्यांचं वजन करून सांगा. औषध पाण्यातून द्यायचं असेल तर सकाळी द्या आणि बाकीची पाण्याची भांडी तेवढा वेळ उचला. माणसांच्या किंवा शेळीच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. औषधानंतर किती दिवस अंडी आणि कोंबडी विकायची-खायची नाही, हे डॉक्टरांना विचारूनच निघा, कारण प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे. लसीकरण ठरलं असेल तर आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं असं सांगतात, म्हणजे अशक्त कोंबडीला लस टोचली जात नाही. पिल्लं आणि तलंगांकडे आधी लक्ष द्या, जंतांचा मार त्यांनाच जास्त बसतो.

दुसरा, जंतांना मानवणारी परिस्थिती मोडणं. त्यांना ओल आणि सावली लागते. खुराड्याखालची शीट रोज, निदान दिवसाआड काढा. औषधानंतरचे दोन-तीन दिवस तर नक्कीच, कारण तेव्हा शिटेत जंत आणि अंडी भरभरून पडतात. ती शीट वाडीत तशीच टाकू नका. बंद खड्ड्यात किंवा ढिगात कुजू द्या, कुजताना जी उष्णता होते तिने अंडी मरतात, आणि मग ते खत भाजीला सोनं आहे. खुराड्यात कोरडी राख किंवा चुना भुरभुरवा. फिनेल ओतलं की झालं असं समजू नका, जंताच्या अंड्याचं कवच जाड असतं. त्याचा खरा वैरी म्हणजे कडक ऊन. आठवड्यातून एकदा खुराडं उचलून उन्हात ठेवा.

तिसरा, कारण टाळणं. खुराडं जमिनीपासून हातभर उंच घ्या, तळाला कामट्या किंवा जाळी लावा. दाणे मातीत फेकण्याऐवजी पसरट भांड्यात द्या. जागा असेल तर अंगणाचे दोन भाग करा आणि आळीपाळीने वापरा. पिल्लं मोठ्या कोंबड्यांच्या जागेवर सोडू नका. नवीन कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी ठेवा.

यातली एक गोष्ट एकटीने होणार नाही. कोंबडीला कुंपण कळत नाही. तुम्ही औषध दिलं आणि शेजारणीने दिलं नाही, तर दोघींच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर भेटणार. म्हणून गटाच्या बैठकीत एक तारीख ठरवा. सगळ्या आळीला एकाच आठवड्यात औषध, साधारण दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर हमखास. गावात उमेदची पशुसखी असेल तर तिला बैठकीला बोलवा, डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या आणि तो कागद गटाच्या वहीत चिकटवा. तारीख, औषधाचं नाव, किती कोंबड्या, पुढची पाळी केव्हा, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवा.

घोड्याचा ग्रंथ झाला, हत्तीचा झाला, आपल्या कोंबडीचा राहिला. तो या चार रकान्यांपासून सुरू करता येईल. येत्या बैठकीतच वहीचं ते पान आखून घ्या.